छताखालची प्रार्थना

प्रभो, मान दुखेपर्यंत वर बघायला लावणाऱ्या वास्तू माणसाने तुझ्यासाठी बांधल्या, आणि स्वतःसाठीही बांधल्या. त्यातली एक, दुसऱ्या प्रकारची, आज मी तुझ्यापुढे ठेवते आहे. जर्मनीत माइन नदीच्या काठी व्युर्त्सबुर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या राजवाड्याच्या मोठ्या जिन्यावर एक रंगवलेलं छत आहे. तो वाडा बांधला तुझ्याच नावाने राज्य करणाऱ्या बिशपांनी. धर्मदंडही त्यांचा, तलवारही त्यांची. कर, तुरुंग आणि फाशीचा हुकूमही त्यांचाच. पुढे बव्हेरियाच्या राजघराण्याने तो वाडा वापरला, पण छतावरचा चेहरा बिशपाचाच राहिला. त्या छतावर तू कुठे आहेस, हे मला तुला विचारायचं आहे. विचारताना माझ्या मनात रागापेक्षा ओढच जास्त आहे, हेही तू जाणतोस.

मी चित्रकलेचा इतिहास शिकवते. रूपकांचा अर्थ लावणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग. मगरीवर बसलेली, पिसांचा मुकुट घातलेली ती अमेरिका. हत्तीवरची आशिया, उंटावरची आफ्रिका. सिंहासनावर बसलेली, जिच्या शेजारी बैल आणि पृथ्वीचा गोल आहे ती युरोप. मध्यभागी उजेडातून निघालेला अपोलो म्हणजे सूर्य, त्याच्या भोवतीचे देव म्हणजे ग्रह. एवढं मी झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेन. आज त्या घडाघडा सांगण्यातून मला थोडा वेळ सोडव. जे दिसतं ते आधी नीट दिसू दे, अर्थ नंतर लागू दे.

सुरुवात आभारांनीच करते, कारण ते खरेच मनातून आलेले आहेत.

ज्यांबात्तिस्ता तिएपोलो नावाचा माणूस तू व्हेनिसमध्ये जन्माला घातलास, त्याच्या हातात उजेड दिलास, म्हणून तुझे आभार. १७५० च्या डिसेंबरात तो दोन मुलांना घेऊन व्युर्त्सबुर्गला पोचला. थोरला जानदोमेनिको विशीतला, धाकटा लोरेंझो चौदा वर्षांचा. आधी बापलेकांनी वाड्यातलं बादशाही दालन रंगवलं: बार्बारोसा बादशहाचं लग्न, आणि ते लावणारा, अर्थातच, व्युर्त्सबुर्गचा बिशप. वाड्याचा मालक, तेव्हाचा बिशप, खूश झाला. मग जिन्यावरचं छत पुढ्यात आलं, सुमारे १९ मीटर रुंद आणि ३० मीटरांच्या वर लांब. तिएपोलो तेव्हा ५६ वर्षांचा होता.

हे काम कसं चालतं ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण सांगताना मला आनंद होतो. चुन्याचा ताजा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा दगड होतो, आणि रंग त्या दगडात कायमचा अडकतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा गवंड्याने सकाळी चढवायचा. संध्याकाळी उरलेली कडा कापून टाकायची, उद्याचा तुकडा तिथून पुढे. हात चुकला तर खरवडून काढा आणि नव्याने लावा. कडाक्याच्या थंडीत गिलावा धरत नाही, काम बंद. अशा रीतीने १७५२ आणि १७५३ अशा दोन उन्हाळ्यांत हे आकाश पुरं झालं. परांचीवर बसून रंगवणाऱ्याला समोर फक्त एक भलामोठा गुडघा किंवा ढगाचा तुकडा दिसत असणार. खालून ते कसं दिसेल हे त्याने डोक्यात धरून ठेवायचं. इथे ‘आयुष्यही असंच असतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरते. चुन्याचं काम चुन्याचंच राहू दे.

ज्यांनी रोज पहाटे तो चुना मळला, त्यांची नावं माझ्याकडे नाहीत. तुझ्याकडे असतील. त्यांना शांती दे.

आणि बाल्थाझार नॉयमानसाठी आभार. मूळचा घंटा आणि तोफा ओतणारा कारागीर, पुढे तोफखान्याचा अधिकारी, मग वाड्याचा वास्तुकार. (घंटांचं मला विशेष वाटतं, कारण मी वसईची. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर आमच्याकडच्या चर्चच्या कितीतरी घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच आहे. तुला त्या दोन्हीकडून सारख्याच ऐकू येत असतील.) या नॉयमानने एवढ्या रुंद जिन्यावर मधे एकही खांब न घेता दगडी घुमट पेलला. तिएपोलोने त्याला छतावरच्या युरोपमध्ये बसवलं आहे. लष्करी गणवेशात, तोफेवर, आरामात रेललेला, जवळ कुत्रा. सगळ्या देवदेवतांच्या गर्दीत मला तोच सर्वांत ऐटबाज वाटतो. त्याला आपल्या घुमटाची काळजी नाही असं दिसतं. १७५३ च्या ऑगस्टमध्ये तो वारला.

त्याच्या घुमटाची परीक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी झाली. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जेमतेम वीस मिनिटांत व्युर्त्सबुर्ग पेटवून दिलं. जुनं शहर बहुतेक सगळं जळालं, हजारो माणसं मेली. वाड्याचं लाकडी छप्पर जळून खाली घुमटावर कोसळलं. घुमट टिकला. मग जॉन स्किल्टन नावाचा एक अमेरिकी अधिकारी आला. लढाईत सापडलेल्या कलाकृती सांभाळणं हे त्याचं काम होतं. त्याने कुठून कुठून लाकूड मिळवून उघड्या पडलेल्या घुमटावर तात्पुरतं छप्पर घातलं, म्हणून पावसाने चित्र धुऊन गेलं नाही. त्याचेही आभार. पण प्रभो, इथे माझी जीभ अडखळते. त्या रात्री तळघरांत तुझा धावा करणारी लेकरं गुदमरली आणि मगरीवरची बाई वाचली. छत वाचवल्याबद्दल तुझे आभार मानावेत तर त्या मुलांचं काय करू? मला उत्तर नको, निदान घाईचं तरी नको. फक्त हे छत सुरक्षित आहे असं म्हणताना त्या तळघरांवरून माझं बोलणं सहज घसरून जाऊ देऊ नकोस.

आता जिना.

तो नुसता चढायचा नाही, तो वाचायचा आहे, आणि वाचण्याचा क्रम नॉयमान आणि तिएपोलो यांनी ठरवून ठेवलेला आहे. पहिल्या पायऱ्या चढताना समोर येते अमेरिका. मगर, बाण, सोनं, तोडलेली मुंडकी, आणि त्याच गर्दीत चॉकलेट घेऊन येणारा सेवक. ते पेय तेव्हा युरोपच्या दरबारांत चवीने प्यायलं जात होतं. मधल्या चौथऱ्यावर पोचलात की मागे वळायचं. दोन्ही बाजूंना आशिया आणि आफ्रिका पसरतात, आणि पुढच्या पायऱ्या चढताना समोर हळूहळू उघडते युरोप: चित्रकला, शिल्प, संगीत, दरबारातला वाद्यवृंद, धर्माची चिन्हं, आणि त्यांच्या वर ढगांत पदकासारखी गोल चौकट. चौकटीत वाड्याचा मालक, राजा-बिशप कार्ल फिलिप फॉन ग्रायफेनक्लाउ. कीर्तीची देवता तुतारी फुंकत त्याला वर नेते आहे. त्याच्या घराण्याचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला प्राणी, खाली हजर आहेच. पाहुण्याने रानटी जगातून निघून सभ्यतेकडे चढायचं, आणि वर पोचल्यावर यजमान भेटायचा. चित्रातलाही आणि खराखुराही.

त्याला अहो-जाहो करत नाही, प्रभो. आमच्या वसईत बिशपांना कोणी एकेरी बोलत नाही, पण तुझ्यापुढे सगळे एकेरीच.

त्या काळाची रीत मला समजते. राजाला आकाशात चढवायचं, ऑलिंपसचे देव पाहुणे म्हणून बोलवायचे, चार खंडांनी नजराणे आणायचे. सगळ्या युरोपच्या दरबारांत हेच चालत होतं. आमचे भाटही काही कमी नव्हते, आणि त्या वर्षांत पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या दरबारातही स्तुतीचा तुटवडा नसणार. पण हा तर तुझा सेवक होता. त्याच्या स्वर्गात सूर्य आहे, शुक्र आहे, मंगळ आहे, बुध आहे. त्यातल्या कोणाहीपुढे हात जोडायची गरज त्याला नव्हती, म्हणूनच कदाचित ते चालले. तू असतास तर गुडघे टेकावे लागले असते. देवाला छतावर आणलं की खालच्या माणसाला आपला चेहरा टांगायला जागा उरत नाही, हे त्याला किंवा त्याच्या सल्लागारांना नीट कळलं असावं. माझ्या बोलण्यात कडवटपणा आला असेल तर क्षमा कर. विधान मात्र मी मागे घेत नाही.

आणि आता जे छतावर नाही ते.

ग्रायफेनक्लाउ १७४९ च्या एप्रिलमध्ये गादीवर आला. त्याच वर्षी २१ जूनला, व्युर्त्सबुर्गवरच्या मारिएनबेर्ग किल्ल्यावर, मारिया रेनाटा झिंगर हिचा शिरच्छेद झाला आणि तिचं शव जाळण्यात आलं. ती जवळच्या उंटरत्सेलच्या मठातली धर्मभगिनी होती, मठाची उपप्रमुख. वय सत्तरीच्या आसपास, त्यातली सुमारे पन्नास वर्षं मठातच गेलेली. आरोप असा की ती चेटकीण आहे आणि तिने मठातल्या भगिनींना भुतांनी झपाटवलं. जिवंत जाळण्याऐवजी आधी डोकं उडवायचं, ही नव्या बिशपाने दाखवलेली दया. चितेजवळ एका जेझुइट धर्मगुरूने प्रवचनही दिलं. त्याच वर्षी इटलीत तार्तारोत्ती नावाच्या विद्वानाने चेटकिणींच्या समजुतींवर मोठा ग्रंथ छापला होता, आणि पुढे या प्रवचनावरही त्याने सडकून टीका केली. म्हणजे ‘तेव्हाचे लोक तसेच होते’ असं म्हणायची सोय नाही. तेव्हाही कुणीतरी ओरडून सांगत होतं.

अमेरिकेच्या बाजूला तोडलेली मुंडकी रंगवली आहेत, रानटीपणाची खूण म्हणून. तीनच वर्षांपूर्वी, त्याच शहरात, वाड्यातून दिसणाऱ्या किल्ल्यावर एका म्हाताऱ्या बाईचं मुंडकं उडवलं होतं. युरोपच्या बाजूला मुंडकं नाही. रंगवणाऱ्याला हे ठाऊक होतं का, मला सांगता येणार नाही. मालकाला ठाऊक होतं.

प्रभो, मारिया रेनाटाला तुझ्या उजेडात घे. छतावरच्या उजेडात तिला कोणी जागा दिली नाही. छळ करून तिच्या तोंडी जे वदवलं गेलं ते तिच्या खात्यावर धरू नकोस. आणि ज्याने सही केली त्याचाही न्याय तूच कर. माझ्या हातात दिलास तर मी दुष्टपणा करीन.

आता मला तो कोपरा सांगू दे जिथे मी तुला पाहिलं.

आशियाच्या बाजूला हत्ती आहे. हत्तीवर दागिन्यांनी मढलेली आशिया बसली आहे. जमिनीवर पालथे पडलेले कैदी, शिकारीत सापडलेला वाघ, अक्षरं कोरलेला दगड, कारण लिपीचा जन्म पूर्वेला झाला असं तेव्हा मानत. तिएपोलोने भारत कधी पाहिला नव्हता. त्याचा आशिया हा व्हेनिसच्या बंदरात उतरणाऱ्या तुर्की पगड्या, रेशीम आणि ऐकीव गोष्टी यांचा आशिया आहे. आम्ही त्या बाजूला असलो तर कुठे असणार? हत्तीच्या पायाशी, नाहीतर पालथ्या पडलेल्यांत. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. पण त्या सगळ्या भपक्याच्या मागे, दूर, एक टेकडी आहे. टेकडीवर क्रूस.

कालवारी, तुझ्या क्रूसाची टेकडी. त्यांनी तुला आशियात ठेवलं आहे, प्रभो. भूगोल म्हणून ते बरोबरच. तू तिकडचा, बेथलेहेमचा, गालीलच्या सरोवराकाठचा. पण त्या जिन्याच्या मांडणीत याचा अर्थ फार विचित्र होतो. पाहुणा आशियाला बाजूला टाकून युरोपकडे चढतो, यजमान-बिशपाच्या दिशेने. तू छताच्या बाजूच्या कडेला, मागे, हत्तीच्या पाठीमागे. तुझ्या बिशपाच्या वाड्यात तुझा क्रूस लहान, लांबचा, आणि चढणाऱ्याने मान वाकडी केल्याशिवाय न सापडणारा. तिएपोलोने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. आशिया दाखवायचा तर ख्रिस्ताचा जन्मप्रदेश दाखवायचा, हा तेव्हाचा ठरीव संकेत होता. पण तू संकेतांतूनही बोलतोस असं माझी आजी म्हणायची, आणि या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. पालथ्या पडलेल्या कैद्यांच्या बाजूला तू आहेस. तुतारीच्या बाजूला नाहीस. मारिया रेनाटाला शोधायचं झालं तर मी युरोपच्या ढगांत शोधणार नाही, मी त्या टेकडीच्या आसपास शोधीन.

हे सगळं म्हणून झाल्यावरही ते छत सुंदरच राहतं. त्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलू शकत नाही. आफ्रिकेच्या बाजूला एक माकड शहामृगाच्या शेपटीची पिसं ओढतं आहे. ते पाहून मोठी माणसंही हसतात. पहाटेचा तो पिवळसर गुलाबी उजेड खिडक्यांतून येणाऱ्या खऱ्या उन्हात असा मिसळतो की ऊन कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला ते कळत नाही. कडेचे पाय आणि वस्त्रं चौकटीबाहेर येऊन लोंबतात, तिथे काही चुनकामातलं शिल्प आहे आणि काही निव्वळ रंग. युरोपच्या कोपऱ्यात चित्रकाराने स्वतःला रंगवलं आहे, शेजारी मुलगा. दोघांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही दिसत नाही, दमलेली माणसं दिसतात. जगाचं इतकं खोटं चित्र इतक्या खऱ्या उजेडात कसं रंगवता येतं, हे मला शिकवायला जमत नाही. तू हा उजेड खोट्यालाही का देतोस ते कधीतरी सांग. सूर्य तू चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच उगववतोस हे मला ठाऊक आहे, पण छतावर पाहिलं की ते जास्त टोचतं.

बिशपाने हे आकाश फार दिवस पाहिलं नाही. छत पुरं झाल्यावर साधारण वर्षभरात, १७५४ च्या नोव्हेंबरात तो मेला. ज्या राज्याचं हे गुणगान, ते आणखी पन्नास वर्षांनी, १८०३ च्या सुमारास, बिशपांच्या हातून गेलं. तिएपोलो पुढे १७६२ मध्ये स्पेनच्या राजासाठी माद्रिदला गेला, तिथल्या सिंहासनाच्या दालनाचं छत रंगवलं, पुन्हा तसाच विषय, पुन्हा एक राजसत्ता आकाशात. १७७० मध्ये तो तिथेच वारला, व्हेनिस त्याला परत दिसलं नाही.

त्याच्यासाठी प्रार्थना करते. ज्याने पैसे दिले त्याला त्याने आकाशात चढवलं, हे त्याचं कामच होतं. कॅमेऱ्यापुढे, पडद्यावर, जाहिरातीत, सभेच्या फलकावर आजही तेच काम करणारे लाखो हुशार हात आहेत. त्यातले कित्येक माझ्याच विद्यार्थ्यांचे आहेत. त्यांना काम मिळू दे, घरभाडं भागू दे. आणि ज्याचा चेहरा ते ढगांत टांगतात त्याच्याबद्दल दोन प्रश्न विचारायची उसंतही दे.

राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करते, तुझ्या नावाने करणाऱ्यांसाठी जास्त. त्यांच्या डोक्यावर साधी कौलं असू देत.

छताखाली उभ्या राहणाऱ्या सगळ्यांसाठी: मान वर करून फोटो काढून पुढे जाणाऱ्यांसाठी, तासन्‌तास बघत बसणाऱ्यांसाठी, दिवसभर तिथे उभं राहून ‘कृपया हात लावू नका’ म्हणणाऱ्या रखवालदारांसाठी, २००३ नंतर काही वर्षं परांचीवर चढून ज्यांनी हे छत स्वच्छ आणि पक्कं केलं त्यांच्यासाठी.

आणि माझ्यासाठी. या वर्षीही मी हे छत वर्गातल्या पडद्यावर दाखवीन. वीस-एकवीस वर्षांची मुलं असतील, त्यातली निम्मी कंटाळलेली. मगर, हत्ती, उंट, बैल हे तर सांगीनच, ते परीक्षेला येतं. पण प्रभो, एवढी बुद्धी दे की बिशपाचं नाव घेतल्यावर मारिया रेनाटाचंही नाव माझ्या तोंडून निघेल, आणि दिवे लावण्याआधी मी त्यांना आशियाच्या मागची ती टेकडी दाखवीन. आमेन.